पोथी नव्हे, चोपडी!

पुस्तकाला पाय लागला की वाकून नमस्कार करायचा, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरओळखीच्याही आधी मिळालेली असते. मूल अजून धड उभेही राहत नसते, पण त्याचा पाय चुकून पंचांगाला लागला की आजी त्याचे दोन्ही हात धरून जोडते आणि म्हणते, "बाप्पा कर, बाप्पा!" या रीतीविषयी मला मनापासून आदर आहे. पण देव मानण्यात एक अडचण असते. देवाला आपण देव्हाऱ्यात ठेवतो, आणि देव्हारा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असतो. पुस्तकांचेही आपल्या घरात नेमके हेच होते. 'फाटेल', 'मळेल' आणि 'तोंडात घालू नको' या तीन मंत्रांच्या घोषात पुस्तक एकेक फळी वर चढत जाते, आणि ज्याच्यासाठी ते आणले तो खाली जमिनीवर राहतो.

पुस्तक आणि कापड यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. पोथी म्हणजे सुटी पाने, खालीवर दोन फळ्या आणि त्यांवर घट्ट गुंडाळलेले कापडाचे बासन. पेशवाईतले कागदसुद्धा असेच कापडात बांधलेले. जुने पुणेकर ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात, तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आजही आहेत. रुमाल म्हणजे तिथे खिशातला चौकोन नव्हे, कागदांचे गाठोडे! पण बासन काय किंवा रुमाल काय, ते कापड झाकण्यासाठी असते. धूळ, वाळवी आणि ओले हात यांच्यापासून आतला ऐवज राखायचा, हे त्याचे काम. पोथी सोडायची ती स्नान करून, चौरंगावर ठेवून. आणि अध्याय संपला की पुन्हा बांधून टाकायची.

दुसरे कापड व्यापाऱ्याच्या चोपडीचे. ते लाल, जाडेभरडे आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले. पूर्वी आलीच्या मुळांनी रंगवलेला खारवा असे, आता साधे लाल सुती कापड असते. चोपडी दिवसातून पन्नास वेळा उघडते. ती गल्ल्यावर आपटली जाते, काखेत मारली जाते, तिच्यावर हळदीची बोटे उमटतात आणि चहाचे थेंब पडतात. आणि तरीही तिची पूजा होते! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले जाते, फूल वाहिले जाते. पण पूजा झाली म्हणून तिला कोणी कपाटात ठेवत नाही. पूजा आटोपली की त्याच चोपडीत नव्या वर्षाचा जमाखर्च सुरू होतो. तिला मानही मिळतो आणि तिचा वापरही होतो.

आता मला सांगा, लहान मुलाचे पुस्तक यांपैकी कोणत्या कुळातले असावे? पोथीच्या, की चोपडीच्या? माझे मत चोपडीच्या बाजूने आहे. हे मत काही मी वाचून बनवलेले नाही. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने एक पुस्तक बांधले, ते बांधता बांधता हे मत तयार झाले.

आमची नात तेव्हा सव्वादोन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. तिला कळत सगळे होते. 'चप्पल आण' म्हटले की ती चप्पल आणी, आणि तीही ज्याची त्याला बरोबर देई. पण 'आई' आणि 'ना' हे दोन उद्गार सोडले तर तिच्या तोंडून शब्द म्हणून बाहेर पडत नव्हता. दोन वर्षांचे मूल साधारणपणे दोन शब्द जोडून बोलू लागते, असे आमच्या सूनबाईने वाचले होते. आणि तेव्हापासून घरातली सगळी माणसे जरा हळू आवाजात बोलू लागली होती. शेजारच्या काकू म्हणत, "अहो, आमचा धाकटा साडेतीन वर्षांपर्यंत मुका होता. आता वकील आहे!" या दिलाशाने हसू येई, पण धीर येत नसे. चिरंजीव रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर काहीबाही वाचत बसत आणि सकाळी अधिकच उतरलेल्या चेहऱ्याने चहाला येत. आमच्या हिने कुलदैवताला काय बोलून ठेवले होते, ते तिने मला अजूनही सांगितलेले नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्यायला सांगितली. मूल बोलत नसले तर ते ऐकते की नाही, हे पहिल्याने पाहायचे असते. कान उत्तम निघाले. मग त्यांनी एका वाचातज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्या बाईंनी बरेच काही सांगितले, पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. त्या म्हणाल्या, "रोज थोडा वेळ हिला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक पाहा. शिकवू नका, परीक्षा घेऊ नका. ती ज्या चित्राकडे पाहील त्याचे नाव घ्या आणि थांबा. आणि हो, पान तिचे तिला उलटू द्या."

पान तिचे तिला उलटू द्या! घरी येऊन मी आमच्या घरातली बाळपुस्तके पाहिली. दोन सुंदर, गुळगुळीत कागदाची पुस्तके कपाटाच्या माथ्यावर होती. ती काढायची, मोठ्या माणसाने दोन बोटांनी पान उलटायचे आणि पुन्हा वर ठेवून द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. दोन जाड पुठ्ठ्याची होती, पण त्यांचे कोपरे लाळेने भिजून फुगले होते आणि पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटू लागले होते. शिवाय आत होते काय? पेंग्विन, बर्फाचा माणूस आणि झगा घातलेले अस्वल. आमच्या कोथरूडच्या घरात यांपैकी कोणाचेच येणेजाणे नाही. नातीचा खरा परिचय होता तो कढईशी, बादलीशी आणि खिडकीत येणाऱ्या मांजरीशी.

मी जाहीर केले, "पुस्तक मीच बांधणार."

ही म्हणाली, "अहो, भिंतीत खुंटी ठोकायची तर तुम्ही सुतार बोलावता!"

हे खरे असले तरी पुस्तकबांधणीत मी अगदीच कोरा नव्हतो. आमच्या शाळेत हस्तव्यवसायाचा तास असे आणि त्यात पुठ्ठाकाम शिकवत. जून महिन्यात अर्ध्या किमतीत घेतलेली जुनी क्रमिक पुस्तके खळ लावून, दोरा भरून पुन्हा उभी करायची, हा तर आमच्या पिढीचा घरगुती उद्योगच होता. पण वर्षभर टिकवायचे भूगोलाचे पुस्तक वेगळे आणि सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या हाती द्यायचे पुस्तक वेगळे. म्हणून मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात गेलो. तिथे एक वृद्ध बाइंडर आहेत. प्रबंध, हिशेबाच्या वह्या, वाचनालयाची पुस्तके असे सगळे ते बांधतात.

त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, पोर पुस्तकाला काय काय करते?"

मी म्हणालो, "काय करत नाही, ते विचारा काका. एका पानाला धरून अख्खे पुस्तक उचलते. उघडे पुस्तक पालथे घालून त्यावर बसते. कोपरा चावते. पुस्तक जमिनीवर टाकते, ते नेमके कोपऱ्यावर पडते."

ते हसले. म्हणाले, "मग सोपं आहे. पुस्तक मरतं ते तीनच जागी. पाठीत, सांध्यात आणि कोपऱ्यात. या तीन जागा राखा, बाकी पोराला राखू द्या."

नंतर त्यांनी एक जाडजूड जुने पुस्तक पुढे ठेवले. एका वाचनालयाचे होते. पाठीजवळ एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार टाके घातलेले. बांधणी अशी की हत्तीने ओढली तरी सुटू नये. "हे उघडून ठेवा बघू टेबलावर," ते म्हणाले. मी उघडले. हात सोडताच पुस्तक मिटले. "बघितलंत? हे टिकतं, पण उघडं राहत नाही. मोठा माणूस दोन्ही हातांनी दाबून धरील. पोर काय करील? तुम्ही जुजबंदी करा."

जुजबंदी म्हणजे कागद दुमडून त्यांचे लहान लहान जुज करायचे, प्रत्येक जुज घडीच्या मधोमध शिवायचे आणि सगळे जुज एकमेकांना गुंफायचे. असे पुस्तक कुठेही उघडले तरी सपाट पडते आणि उघडेच राहते. म्हणजे मुलाचा एक हात चित्रावर बोट ठेवायला मोकळा राहतो. मजबुती दोन प्रकारची असते, हे मला त्या बोळात उमगले. एक वस्तूला माणसापासून वाचवते; दुसरी माणसाच्या हाती वस्तू निर्धास्तपणे देते. आम्हाला दुसरी हवी होती.

पानांसाठी मी जाड हातकागद घेतला. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदाचे तंतू लांब असतात आणि तो चिवट असतो. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली, तेव्हापासून या कागदाशी पुणेकरांची चांगली ओळख आहे. मी साडेसहा इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद पान होईल असे कागद कापले. दोन कागद एकात एक दुमडले की चार पानांचा एक जुज. असे तीन जुज म्हणजे बारा पाने आणि चोवीस पृष्ठे झाली. याहून अधिक नकोत, नाहीतर लहान हाताला पुस्तक जड होते.

शिवणात एक मेख आहे. दोरा कागदापेक्षा बळकट असतो. मुलाने पान ओढले की दोरा तुटत नाही, तोच कागदाला कापतो. म्हणून प्रत्येक जुजाच्या आतल्या घडीवर मांजरपाटाची बोटभर रुंद पट्टी आधी चिकटवून घ्यायची. म्हणजे टाक्याचा ताण कापडावर येतो. पहिल्या आणि शेवटच्या जुजाला बाहेरूनही तशीच पट्टी लावायची, कारण सर्वांत जास्त ओढाताण त्यांची होते. मग आरीने प्रत्येक घडीत सहा भोके पाडली. दोन टोकांना दोन. आणि मधे दोन नाड्या बसवायच्या, त्यांच्या अलीकडेपलीकडे दोन दोन. नाड्या म्हणजे परकराच्याच, चपट्या, सुती! दोरा मेणावरून दोनदा ओढून घेतला. मेणाने दोरा सरकत नाही, गाठ बसते आणि ओलही धरत नाही. सुई आत जाते, नाडीवरून वेढा घेऊन पुन्हा आत जाते आणि टोकाला खालच्या जुजाच्या टाक्यात अडकून वर चढते. शिवून झाल्यावर नाड्यांची टोके दोन्ही बाजूंना इंचभर मोकळी ठेवली. ती पुढे पुठ्ठ्याला चिकटवायची असतात. पुस्तकाचे शरीर आणि कवच यांना धरून ठेवतात त्या याच नाड्या, आणि पाठीवर चिकटवलेला मांजरपाटाचा तुकडा.

खळ मी घरीच शिजवली. एक वाटी मैदा गार पाण्यात कालवायचा, सगळे मिळून पाच-सहा वाट्या पाणी घालायचे आणि मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की खळ झाली. गार करून फडक्यातून गाळून घ्यायची. बाइंडर मंडळी तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण काकांनी मला निघताना दारात थांबवून सांगितले होते, "साहेब, मोरचूद अजिबात नको. विष आहे ते. पोर पुस्तक तोंडात घालणार."

"मग कसर लागली तर?"

"कसर लागते ती न हलवलेल्या पुस्तकाला. रोज ज्याला पोर आपटतंय, त्याच्यात कसरीला राहायला फुरसत कुठे?"

बाटलीतला पांढरा तयार डिंक का वापरू नये, असे चिरंजीवांनी विचारले. तो पटकन धरतो हे खरे, पण एकदा वाळला की सुटत नाही. खळ पाण्याने पुन्हा मऊ होते. म्हणजे उद्या अस्तर फाटले तर ते भिजवून काढता येते आणि नवे लावता येते. मुलांचे पुस्तक न फाटणारे असण्यापेक्षा दुरुस्त होणारे असणे अधिक महत्त्वाचे आहे. न फाटणारे पुस्तक अजून कोणी बनवलेले नाही!

पुठ्ठा घेतला करडा, दोन मिलिमीटर जाडीचा. पिवळा, गवती पुठ्ठा स्वस्त असतो, पण तो ठिसूळ, कोपऱ्यावर पडला की मोडतो. यंत्रावर तयार झालेल्या पुठ्ठ्याला लाकडासारखी एक दिशा असते, कारण यंत्रातून जाताना त्याचे तंतू एका दिशेने आडवे होतात. ओले झाले की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायची, नाहीतर पुठ्ठा वेडावाकडा होतो. ती ओळखायची युक्ती सोपी आहे. तुकडा दोन्ही बाजूंनी वाकवून पाहायचा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या वळणाची रेघ म्हणजे त्याची दिशा.

कापडाची गोष्ट मात्र सोपी नव्हती. विणीला घट्ट, सुती आणि रंग न सोडणारे कापड हवे होते. ओल्या पांढऱ्या हातरुमालावर घासून मी घरातली बरीच कापडे तपासली. खणाचे धागे निघत, एका चादरीने रुमाल निळा केला. अखेर हिने ट्रंकेतून इचलकरंजीची एक जुनी सुती साडी काढली. वापरून वापरून मऊ झालेली, पण विणीला अजून घट्ट आणि विटकरी लाल. थेट चोपडीचाच रंग! "काठ कापायचा नाही," ही म्हणाली. "काठ बाहेर दिसला पाहिजे." म्हणून पुस्तकाच्या पुढच्या अंगाला खालून काठ आला आहे. ओल्या कापडातून खळ बाहेर झिरपते आणि डाग पडतात, म्हणून त्याला आधी पातळ पांढऱ्या कागदाचे अस्तर लावले. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ओलसर कापड ताणून पसरले, खळ लावलेला कागद त्यावर बसवला आणि रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या डब्यांच्या वेळेपर्यंत ओटा रिकामा करून देण्याची माझ्यावर सक्त ताकीद होती.

कोपरे एका नाण्याभोवती पेन्सिल फिरवून गोल कापले. टोकदार कोपरा मुलाला लागतो आणि आधी मोडतोही. पण गोल कोपऱ्यावर कापड आत वळवायचे कसे? मी कात्री घेऊन विचार करीत असताना हिने ते काम माझ्या हातातून घेतले. नखाने बारीक बारीक चुण्या घालत, मोदकाला कळ्या पाडतात तशा कळ्या पाडत, तिने चारही कोपरे पाच मिनिटांत बसवले. पुस्तकबांधणीतले काही धडे गणेशचतुर्थीलाच दिले जातात, हे मला ठाऊक नव्हते.

पाठ आणि पुठ्ठा यांच्यामध्ये सात मिलिमीटर जागा सांध्यासाठी सोडली. ही जागा कमी पडली तर पुठ्ठा उघडत नाही, जास्त झाली तर पुस्तक लोंबते. शेवटी आतून अस्तराची पाने चिकटवली. बाहेरचे कापड वाळताना आकसते आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते. आतला कागद त्याला उलट बाजूने ओढतो. दोन्हीकडची ओढ सारखी असली की पुठ्ठा सरळ राहतो. संसारही असाच सरळ राहतो, असे मी म्हणालो, पण त्या वेळी कोणी ऐकत नव्हते.

आता पुस्तक वजनाखाली वाळवायचे. पूर्वी घरात पाटा-वरवंटा असे. तो गेला आणि मिक्सर आला. घरातले सर्वांत वजनदार म्हणून मी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सातही विभाग एकावर एक रचून मी त्या इवल्या पुस्तकावर ठेवले. निजायला जाताना दिवा मालवण्यापूर्वी सहज तिकडे पाहिले आणि पाय तिथेच थांबले. खाली एका न बोलणाऱ्या मुलीचे पुस्तक आणि वर मराठी भाषेतले सगळे शब्द! त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

चित्रे सूनबाईने काढली, अर्थात शिवण्याआधीच. पक्क्या काळ्या शाईने, एका पृष्ठावर एकच वस्तू आणि खाली ठळक अक्षरात तिचे नाव. कढई, चावी, बादली, पोळी, रिक्षा, मांजर, आजोबांचा चष्मा, आजीची पिशवी. अशी तेवीस. चोविसावे पृष्ठ तिने कोरे ठेवले. मी विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा, एखादे तिच्यासाठी राहू द्या."

लहानग्यांसाठी कापडाचीच पाने असलेली पुस्तके लंडनच्या डीन घराण्याने १९०३ पासून काढली, धुता येतील आणि फाटणार नाहीत अशी. तशीही आज बाजारात मिळतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ती ठीकच आहेत. पण कापडाचे पान लुळे असते. ते उलटत नाही, गोळा होते. ज्या मुलीला पान उलटायला शिकायचे आहे, तिच्या बोटाला पानाचा ताठपणा जाणवला पाहिजे. आपल्याकडे मुलांसाठी पुस्तके छापायला सुरुवात होऊनही आता दोनशे वर्षे होत आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' १८२८ सालची. पण ती वाचता येणाऱ्या मुलांसाठी. वाचता न येणारे, नुसते हाताने पाहणारे मूलही विचारात घ्यायला हवे, हे आपल्याला पुढे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शिकवले. १९२६ साली त्यांचा नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांत काम केले. वस्तू मुलाच्या उंचीवर असावी, मुलाला ती स्वतः घेता यावी आणि स्वतः ठेवता यावी, हा त्यांच्या शिकवणीतला साधा नियम. आपल्या घरांत चप्पलस्टँडला तो लागू झाला, पुस्तकांना मात्र अजून व्हायचा आहे.

आमचे पुस्तक पहिल्या दिवसापासून दिवाणखान्यातल्या सर्वांत खालच्या फळीवर राहिले. पहिले आठ दिवस नातीने ते फक्त उघडले आणि मिटले. चित्रांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. दार उघडावे आणि लावावे तसा तिचा खेळ चाले. सूनबाईचा चेहरा पडला. पण वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या, "करू द्या." नवव्या-दहाव्या दिवशी ती पुस्तक ओढत माझ्याकडे आली, मांडीत बसली, तिने कढईचे पान उघडले आणि माझे बोट धरून कढईवर ठेवले. मी म्हणालो, "कढई," आणि थांबलो. तिने पान उलटले. असे रोज चालू झाले. कधी एकाच पानावर दहा मिनिटे, कधी सगळे पुस्तक एका मिनिटात. उलटे धरून सुद्धा!

वाचकांना वाटत असेल की आता ती एक दिवस 'कढई' म्हणाली असेल. तसे झाले नाही. तिचा पहिला स्पष्ट शब्द आला तो जवळजवळ चार महिन्यांनी, एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर. भिंतीकडे बोट करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पाल!"

आमच्या घरात पालीचे इतके कौतुक त्याआधी कधी झाले नव्हते. हिने देवापुढे साखर ठेवली. सूनबाई हसत होती आणि डोळे पुसत होती. त्याच रात्री तिने ते कोरे पृष्ठ उघडले आणि त्यावर पाल काढली. पाल पुस्तकात गेली आणि मग तिच्या मागोमाग पोळी, चावी, चष्मा असे एकेक जण बाहेर येऊ लागले. याचे श्रेय मी पुस्तकाला देत नाही. ते वाचातज्ज्ञ बाईंचे आहे, सूनबाईच्या चिकाटीचे आहे आणि बरेचसे त्या मुलीचे स्वतःचे आहे. आज ती सव्वाचार वर्षांची आहे आणि दुपारी आम्हाला जरा डोळा लागावा म्हणून तिने थोडे गप्प बसावे, अशी आमची विनंती असते.

पुस्तक अजून आहे. साडीचा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे. बादलीच्या पानावर वरणाचा डाग आहे, मांजराच्या कानाचा कोपरा चावून नाहीसा झाला आहे. मधल्या काळात एका बाजूचे अस्तर फाटले, ते भिजवून काढले आणि नवे लावले. शिवण मात्र एका टाक्यानेही हललेली नाही. काकांना नेऊन दाखवले तेव्हा त्यांनी ते उलटेसुलटे केले, टेबलावर उघडून ठेवले आणि ते उघडेच राहिलेले पाहून मान हलवली. "वापरलेलं दिसतंय," एवढेच ते म्हणाले. माझ्या मते बाइंडराच्या तोंडून याहून मोठी पावती नाही.

दिवाळीची सुट्टी आता लागेलच. फराळ झाला, किल्ला झाला की दुपारी करायचे काय, हा प्रश्न घरोघरी पडतो. एक वाटी मैदा, दोन हात परकराची नाडी, जुन्या साडीचा तुकडा आणि थोडा कागद यांवर दोन दुपारी निभावतात. आत काय काढायचे, ते ज्याच्यासाठी पुस्तक आहे त्याच्याकडे पाहून ठरवा. आणि झाले की ते अगदी खालच्या फळीवर ठेवा. पाय लागला तर नमस्कार जरूर करायला शिकवा; पण पाय लागेल म्हणून पुस्तक उचलून वर मात्र ठेवू नका.